पोटातला पडदा

माझी बायको तळेगावच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. माझ्या किडन्यांनी राजीनामा दिल्यापासून तिचा एक तास माझ्या पोटावरही भरतो. पोटात कायमची एक नळी बसवलीय. त्या नळीतून बायको साखरेचं पाणी आत सोडते आणि काही तासांनी काढून घेते. आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो. रक्तात साचलेली घाण त्या पडद्यातून, जिकडं घाण नाही तिकडं, म्हणजे त्या स्वच्छ पाण्यात आपली आपण येते. अंगातलं जादा पाणी साखर ओढून घेते. ना यंत्र, ना वीज! मला अजून हे खरं वाटत नाही, पण मी त्याच्यावरच जगतो.

डॉक्टरांनी पाणी बेतानं प्यायला सांगितलंय. आता हे आमच्या गावाला, औंढ्याला कोण सांगणार? तिथल्या जत्रेला ज्याच्या दारावरून जाल त्याच्याकडं चहा घ्यावाच लागतो, नाहीतर ती भावकी वर्षभर रुसते. गेल्या जत्रेत मी एकही घर दुखवलं नाही. अर्धा कप, अर्धाच कप, असं करत दुपारी चुलतीच्या पडवीत येऊन टेकलो, तर पाय चपलेत मावेनात आणि आडवं झालं की दम लागायला लागला.

बायकोनं डॉक्टरांना फोन लावला, गाडीतून जास्त साखरेच्या पाण्याची पिशवी आणली, मला आतल्या खोलीत नेलं, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. हात तर असे घासून धुतले की चुलती बघतच राहिली. तिलाही मास्क बांधायला लावून मगच आत घेतलं. पिशवी खुंटीला टांगली.

"आगं, ह्यात अवशीद काय हाय?" चुलतीनं विचारलं.

"साखर, काकू."

"साखरंनं पानी वडतं व्हय?"

"कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना? तसंच."

"मंग ह्येचं लोनचंच घातलं म्हन की!"

मीही हसलो, पण हसताना धाप लागली.

संध्याकाळी बायकोनं पाणी काढलं. सोडलं होतं त्याहून कितीतरी जास्त आलं. मी उताणा पडून छातीभर श्वास घेतला. बायकोचं, त्या पडद्याचं, साध्या साखरेचं मला इतकं कौतुक वाटलं की भरात म्हणून गेलो, "तू आणि हा पडदा असल्यावर भीती कसली? पुढच्या जत्रेलाही सगळी घरं घेऊ."

ती पिशवी गुंडाळता गुंडाळता थांबली.

"अहो, जास्त साखरेनं तो पडदा झिजत जातो. म्हणून तर मी एरवी कमी साखरेवर भागवते. तो एकच आहे. आणि तो मला तुमच्या म्हातारपणापर्यंत पुरवायचाय."

मी तिचा हात धरला. मग बाहेर चुलतीला हाक मारून सांगितलं, माझा चहा टाकू नको.