चांदीची कुयरी कुठे गेली

आर्या, नील, हे तुमच्या आजोबांनाही कधी कळलं नाही. ते गेले, तरी कळलं नाही. तुमची आई हे तुम्हाला वाचून दाखवेल. तिलाही आत्ताच कळेल.

परवा फोनवर नील म्हणाला, "आजी, टेल द थीफ मेड स्टोरी!" आणि मी आमच्या चोर मोलकरणीची ती गोष्ट पुन्हा सांगितली. हसवलंही.

ती चोर नव्हती.

तिचं नाव सुमन. गुहागरकडची. दुबईत, अल मनखूलला, आमच्याकडे आणि बिल्डिंगमधल्या आणखी तीन मराठी घरांत काम करायची. व्हिसा त्यांतल्याच एका घरच्या जोशीवहिनींनी काढलेला. रोज दुपारी आम्ही दोघी एक मेक्सिकन विनोदी मालिका बघायचो. खाली इंग्रजी ओळी यायच्या, त्या मी तिला मराठीत वाचून दाखवायचे. मी सोफ्यावर, ती खाली भाजी निवडत. वर बस — असं मी कधी म्हणाले का? नाही.

मालिकेतलं कुटुंब एके काळचं श्रीमंत. बाईसाहेब चहात पाणी वाढवतील, पण गळ्यातले मोती उतरवणार नाहीत. एका भागात त्या भिंतीवरचं घड्याळ गुपचूप विकतात, आणि पाहुण्यांनी विचारल्यावर मोलकरणीवर आळ घेतात. सुमन इतकी हसली की मांडीवरचे मटार सांडले. "ताई, ही बया शेजाऱ्यांसाठी काय काय करते बघा!" शेवटी बाईसाहेब खरं कबूल करतात, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात. मीही हसले होते.

मग मंदी आली. आजोबांची नोकरी गेली. बाहेर कुणाला कळता कामा नये — हे आम्ही न बोलताच ठरवलं. हळदीकुंकवाची चांदीची कुयरी मी एकटीनेच जाऊन विकली. दर शुक्रवारी टूथपावडर लावून ती सुमनच घासायची.

संक्रांतीचं हळदीकुंकू मात्र नेहमीसारखं केलं. तिळगूळ, वाण, अत्तर — सगळं. फक्त कुयरी स्टीलची.

"अहो, तुमची चांदीची कुठंय?" जोशीवहिनींनी विचारलं.

काय अवघड होतं? विकली — एवढंच म्हणायचं होतं. पंधरा बायका माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणाले, "सुमनला विचारा."

तेवढं पुरलं. चारही घरं सुटली. आठवडाभरात जोशीवहिनींनी तिचा व्हिसा रद्द केला. मी त्यांना थांबवू शकले असते — रोज, सात दिवस. त्या सात दिवसांत मी घर झाडलं, कपाटं आवरली.

जायच्या दिवशी सुमन दारात आली. रडली नाही, भांडली नाही.

"ताई, हा भाग आपण बघितलाय," ती म्हणाली.

आणि थांबली. त्या भागाचा शेवट कसा होता, ते मीच तिला वाचून दाखवलं होतं.

मी दार लावलं.