हाकेला ओ

आमच्या समोरच्या मावशींच्या दारावर दुसऱ्यांदा टकटक करायची वेळ कधी कुणावर आली नाही. पहिल्या टकटकीचा आवाज विरायच्या आत दार उघडलेलं असायचं आणि डोक्यावरचा पदर सारखा करत मावशी उभ्या असायच्या. कुरियरवाला असो, चुकीच्या मजल्यावर आलेला पाहुणा असो, पाण्याचं मशीन विकणारी पोरं असोत, प्रत्येकासाठी दार उघडायचं. दिल्लीत मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत ही गोष्ट वेडेपणात जमा होती. इथे प्रत्येक दाराबाहेर लोखंडी जाळीचं आणखी एक दार असतं. त्या दोन दारांच्या मधून माणसं शेजाऱ्याशी बोलतात.

सेक्रेटरींनी त्यांना एकदा समजावलं, "माताजी, जमाना खराब है. पूछ के खोला करो."

मावशींनी शांतपणे विचारलं, "खोले बिना कैसे समझेगा, भैया, कौन है?"

मला मराठीतून म्हणाल्या, "हाक आली की ओ द्यावी माणसानं. मग बघावं कोण ते."

इथवर सगळं गमतीचं होतं. गंमत नव्हती ती गोष्ट वेगळीच. कधीकधी टकटक न होताच मावशी दार उघडायच्या. मी जिना चढत असताना हे तीन-चारदा पाहिलं. बाहेर कुणी नसायचं. त्या रिकाम्या जिन्याकडे बघत थोडा वेळ थांबायच्या आणि हळूच म्हणायच्या, "आहे मी. बोल." मग दार लावून घ्यायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्याशीच बोलल्या. मी "काय मावशी?" म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुला नाही गं."

त्या करोल बागेतल्या एका दुकानाच्या साड्यांना फॉल लावून द्यायच्या. मुलगा मिलिंद सरकारी नोकरीत चांगल्या हुद्द्यावर होता, तरी त्यांनी हे काम सोडलं नव्हतं. एका दुपारी मी त्यांना सुईत दोरा ओवून देत बसले होते, तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितलं.

गाव मराठवाड्यातलं. माळवदाची घरं, हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती. भूकंप झाला त्या पहाटे मावशी लोटा घेऊन गावाबाहेर गेल्या होत्या. घरात नवरा, सात वर्षांची सुजाता आणि दहा महिन्यांचा मिलिंद. जमीन थांबली तशा त्या पळत आल्या, तर गल्लीच नव्हती. कुठला ढिगारा आपला, हे त्यांनी दारातल्या मोडलेल्या कडुलिंबावरून ओळखलं.

"दुपारी खणणारे आले. त्यांना दुसरीकडं जायचं होतं, तिकडनं माणसाचं कण्हणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, इथं खणा, माझी सुजाता तांब्या वाजवतीया. टण, टण, टण. थांबायची, परत वाजवायची. ते सगळे कान लावून बसले. कुणालाच ऐकू आलं नाही. पण मी त्यांना हलू दिलं नाही. पाय धरले एकाचे."

दिवस मावळायच्या आत तुळई हलवली. नवरा गेलेलाच होता. सुजाता तुळईखाली होती, ओणवी, ताठ झालेली. सोबत आलेल्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, ही पहिल्याच धक्क्यात गेली. पहाटेच. आणि तिच्या पोटाखालच्या पोकळीत, नाकातोंडात माती गेलेला मिलिंद जिवंत होता.

"दहा महिन्यांचं लेकरू तांब्या कसा वाजवील, सांग बरं," मावशी म्हणाल्या आणि माझ्या हातातली सुई घेऊन फॉल शिवू लागल्या. मला वाटतं, त्यांना उत्तर नकोच होतं.

पुढे त्यांच्या भावाने त्यांना दिल्लीला आणलं. तो इथे एका सरकारी कार्यालयात कारकून होता. त्याच्या क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात या मायलेकांनी बारा वर्षं काढली. पुनर्वसनाच्या नव्या गावात मावशींना एक घर मिळालं होतं. त्याची किल्ली त्यांनी ट्रंकेत ठेवली आणि त्या घरात एकदाही राहिल्या नाहीत. "तिकडं गेले तर ही कुणाला हाक मारील?" असं त्या म्हणायच्या. मुलगी आपल्या मागोमाग दिल्लीला आली, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

मिलिंदला हे सगळं सोसवत नसे. त्याने आयुष्यभर एकच ऐकलं होतं, तू ताईमुळे आहेस. वाढदिवसाच्या दिवशीही आधी ताईचं नाव. शाळेत पहिला आला तरी, "तिनं वाजवलं म्हणून."

एका उन्हाळ्यात मावशी हटून बसल्या की तिसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमधून कुणीतरी भिंत ठोकतंय. त्या घरची माणसं गावाला गेली होती. मिलिंदने समजावलं, गार्डने समजावलं. शेवटी मावशी त्या दारासमोर फरशीवर बसल्या. नाइलाजाने मालकांना फोन करून कुलूपवाला आणला. आत कुणी नव्हतं. चादरी टाकलेल्या खुर्च्या, बंद घड्याळ आणि उकाडा. मालक फोनवरून मिलिंदला वाटेल ते बोलले.

मावशी मात्र प्रसन्न होत्या. "उघडून बघितलं आणि कुणी अडकलेलं नव्हतं. ह्याच्यापेक्षा चांगलं काय असतं?"

मिलिंद पहिल्यांदाच माझ्यासमोर त्यांच्यावर चिडला. "आई, ताई गेली. पहाटेच गेली होती. डॉक्टर सांगून गेले ना?"

मावशींनी त्याच्याकडे बघून अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग तुला कुणी काढलं?"

त्यानंतर काही महिन्यांनी, एका रविवारी दुपारी दिल्लीत जोराचा धक्का बसला. पंखे झोके घेऊ लागले, आम्ही सगळे जिन्याने धावत खाली पार्कात आलो. मोजल्यावर लक्षात आलं, मावशी नाहीत. मिलिंद मेट्रो स्टेशनवरून तेव्हाच परत येत होता. मी त्याला सांगितलं, तसा तो वर पळाला. लोक ओरडत होते, अभी मत जाओ. तो गेला.

पाऊण तासाने दोघं खाली आले. मावशींनी केस विंचरले होते, धुतलेली साडी नेसली होती. त्यांचा चेहरा इतका हलका मी कधीच पाहिला नव्हता. मला म्हणाल्या, "झालं बाई. आता मी मोकळी."

पंधरा दिवसांत त्यांनी ट्रंकेतली किल्ली काढली आणि नव्या गावातल्या त्या घरात राहायला जायचं ठरवलं. एकटीने. निजामुद्दीन स्टेशनवर आम्ही सोडायला गेलो होतो. एवढी वर्षं दाराला कान लावून जगलेली बाई खिडकीशी बसली आणि गाडी सुटायच्या आधीच तिला झोप लागली.

परतताना मिलिंद म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी मी वर गेलो तर आई भिंतीला हात लावून बसली होती. मला म्हणाली, ऐकू येतं का तुला? मी म्हटलं, येतं."

"आणि?"

"आणि काही नाही. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिला खाली आणायचं होतं, बस. पण ती म्हणाली, मग आता तू ओ देत जा. मी थकले."

"चांगलं केलंस," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटलं.

मावशी आता तिकडे रमल्या आहेत. अंगणात शेवगा लावलाय, शेजारणींना फॉल लावायला शिकवतात, दुपारी दार लावून झोपतात. दर रविवारी मिलिंदला फोन करतात. तो म्हणाला होता, प्रत्येक वेळी विचारतात, सुजाता कशी आहे. "काय सांगणार? बरी आहे म्हणतो."

गेल्या रविवारी त्याचं एक पार्सल आमच्याकडे राहिलं होतं, ते द्यायला मी गेले. तो फोनवर होता, स्पीकर लावून. मावशींचा आवाज अगदी खणखणीत होता. जेवलास का, थंडी किती आहे, आणि मग, "सुजाता कशी हाय?"

"बरी आहे," मिलिंद म्हणाला.

तेवढं पुरेसं होतं. पलीकडून मावशी शेवग्याच्या शेंगांबद्दल सांगू लागल्या होत्या. पण तो त्यांना थांबवत म्हणाला, "आई, दोन दिवस झाले, जरा गप्पच आहे ती."

त्याच्या आवाजात काळजी होती. मी पार्सल टेबलावर ठेवलं आणि घरी आले.