आ करा, पुस्तकाविषयी सांगतो

दातांच्या डॉक्टरांना पन्नाशी उलटल्यावर वाचनाचं वेड लागलं, आणि वेडाबरोबर मतंही फुटली. घरात ती ऐकायला कोणी तयार नव्हतं. बायको त्यांच्या कितीतरी आधीपासून वाचणारी. डॉक्टरांनी एखाद्या कादंबरीचा विषय काढला की ती एका वाक्यात निकाल लावायची. मुलगी कानांत इअरफोनची बोंडं घालून बसायची. दवाखान्यात मात्र समोरचा माणूस आडवा, तोंडात कापूस, आणि नाही म्हणायची सोय नाही.

तिथे डॉक्टर मोकळे होत. कवितासंग्रहाबद्दल त्यांची तक्रार अशी, की पानावर चार ओळी छापून बाकीचा कागद वाया घालवलाय. एका उद्योगपतीचं आत्मचरित्र त्यांनी वाचलं. त्यात त्या माणसाच्या हातून एकही चूक झालेली नव्हती, म्हणून त्याचा त्यांना संशय येत होता. पहाटे उठून यशस्वी व्हायला शिकवणारं पुस्तक त्यांनी दुपारी लोळत वाचलं, आणि झोप उत्तम लागते म्हणून ते सगळ्यांना सुचवत. रहस्यकथेतला खुनी कोण, हे तर ते सुई टोचता टोचता सांगून टाकत. ते ऐकून एक गृहस्थ दाढदुखी विसरले, असं डॉक्टर कौतुकाने सांगायचे. ते गृहस्थ पुन्हा काही आले नाहीत.

मग वकीलबाई आल्या, दाढेचं रूट कॅनल करायला. डॉक्टरांनी त्यांचा अर्धा जबडा बधिर केला आणि हातातल्या प्रेमकथेचा समाचार घ्यायला सुरुवात केली. नायिका वर्षानुवर्षं गप्प बसते, वेळेवर एक वाक्य बोलली असती तर पुस्तक पहिल्याच प्रकरणात आटोपलं असतं, वाचणाराही सुटला असता. बाई "आँ, आँ" करू लागल्या. दुखतंय असं समजून डॉक्टरांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. दुपारी कोर्टात बाईंच्या तोंडून प्रतिवादीचा 'फतिवादी' झाला आणि त्यांना पुढची तारीख मागून घ्यावी लागली.

दुसऱ्या खेपेला बाईंनी खुर्चीवर पर्स ठेवली आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

"आज आधी बोलायला तोंड उघडणार," त्या म्हणाल्या. "दाखवायला नंतर."

बाहेर सुजलेल्या गालांची माणसं ताटकळत बसली आणि आत बाईंनी नायिकेची बाजू मांडली. ती गप्प नव्हतीच. रोज काहीतरी सांगत होती, पण समोरचा स्वतःचंच पुराण लावून बसायचा. मग त्यांनी विचारलं, शेवटचं प्रकरण वाचलंत का? डॉक्टर हातमोजे ओढत म्हणाले, मत तयार झालं की मी पुस्तक मिटतो.

"दाढ अर्धी उपटून पेशंटला घरी पाठवता का?"

डॉक्टरांनी दिवा सरकवला.

त्या संध्याकाळी जेवणाचं ताट समोर ठेवून ते शेवटचं प्रकरण वाचत बसले. जेवण गार झालं. मुलीने कानांतली बोंडं काढून विचारलं, बाबा, काय झालं? डोळ्यात काहीतरी गेलंय, असं सांगून त्यांनी पान उलटलं. मग बायकोला म्हणाले, पुस्तक चांगलं आहे. ती म्हणाली, मी आधीच सांगितलं होतं.

"कधी?"

"तुम्ही त्याला नावं ठेवत होतात तेव्हा."

मधली ऐंशी पानं कापली तरी बिघडणार नाही, हे मत डॉक्टरांनी सोडलं नाही. पण आता ते तोंडातला कापूस काढल्यावर मत सांगू लागले, आणि लोक गोळ्यांची चिठ्ठी उचलून दाराकडे पळू लागले. वकीलबाईंची दाढ बरी झाली, तरी महिन्याभराने त्या पुन्हा आल्या, दुसऱ्या बाजूला दुखतंय म्हणून. डॉक्टरांनी एकेक दात ठोकून पाहिला.

"यात तर काही नाही."

"ते माहीत आहे मला," बाई उठून बसत म्हणाल्या. "टेबलावरचं ते नवं प्रवासवर्णन कसं वाटलं? संपवलं असेल तरच सांगा."

डॉक्टरांची थोडी पानं राहिली होती. त्यांनी बाईंना गुरुवारी यायला सांगितलं.