सईची मालवणी बंद केली तेव्हा

“सईला डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर आहे,” स्पीच थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या. म्हणजे ऐकू नीट येतं, हुशारीही आहे, पण भाषा शिकणंच जड जातं. परळच्या त्या हॉस्पिटलात मी उभीच होते. खुर्चीवर टेकवेना.

माझी लेक सई साडेपाच वर्षांची. घोडपदेवला आमच्या घरात मालवणी, शाळेत इंग्रजी. शाळेत ती तुटक बोलायची. बाई म्हणाल्या, “दोन भाषांनी गोंधळते ती. घरीही इंग्रजीच बोला.” मी उतावळी, लगेच ऐकलं. मी दिवसभर कामावर, तिला सांभाळायचे माझे सासरे, नाना. गोदीतून निवृत्त झालेले, इंग्रजी येत नाही. मी त्यांनाही बजावलं, “नाना, तिच्याशी मालवणी नको.” मग सई शाळेतून आली की ते गॅलरीत जाऊन बसत.

सात महिने गेले. इंग्रजी होती तिथेच, घर मात्र मुकं झालं. ऑडिओमेट्री, म्हणजे कानांची तपासणी, केली. कान उत्तम. काहीतरी निघावं असंच मला वाटत होतं, औषध तरी मिळालं असतं. बाहेर येरझाऱ्या घालताना इतर मुलांची बडबड ऐकून मी जळायचे. हो, जळायचे.

मॅडमनी आधी इंग्रजीत तपासलं. मग म्हणाल्या, “घरी ती कोणाशी जास्त बोलायची? त्यांना आणा.”

नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले. समोर चित्रं ठेवली होती. “सांग गो बाय, ह्या पोरान काय केल्यान?” सई मालवणीतही तशीच अडली.

“पूर्वी कशी बोलायची?” मॅडमनी विचारलं.

“पयल्यापासून अशीच अडाता.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “नुसती इंग्रजीत अडली असती, तर सराव कमी म्हटलं असतं. दोन्हीकडे अडते, म्हणून हा डिसऑर्डर. दोन भाषांमुळे तो होत नाही. मालवणी आजच सुरू करा.”

बाहेर आल्यावर मी नानांवरच चिडले. “मग आधी का नाही सांगितलंत?”

“माका कोणी इचारल्यान?” ते म्हणाले. मला रडू आलं.

तुमच्या घरी असं मूल असेल, तर त्याच्या सगळ्या भाषांत तपासून घ्या. घरच्या म्हाताऱ्यांना विचारा.

थेरपी चालू आहे. सई अजून अडते. परवा तिने नानांना माझी चहाडी सांगितली. मी कशी ओरडले, डबा कसा आपटला. अडत, थांबत, पण शेवटपर्यंत. मी दाराआड उभी होते. त्यातलं निम्मं खोटं होतं. मी एकदाही मध्ये बोलले नाही.