धोंडायच्या ओटीतलं मडकं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईलाही नाही – तिच्या शेवटच्या दिवसांत उशाशी बसून दोनदा तोंड उघडलं, आणि पाणी हवंय का एवढंच विचारलं. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसांपुढे चांगलं दिसायची मला भारी हौस. त्या हौसेपायीच तर सगळं झालं.

पण आधी धोंडाय सांगते. आमचं गाव उरणच्या बाजूचं. गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी दगडांची मोठी रास होती – तीच धोंडाय. देऊळ नाही, मूर्ती नाही, शेंदूरसुद्धा नाही. वाटेने जाणाऱ्याने एक दगड ठेवायचा आणि पुढे व्हायचं. आजोबा मिठागरावर जाताना ठेवायचे. दादा ट्रेलर घेऊन न्हावा शेव्याला निघाला की खाली उतरून ठेवायचा. आणखी एक रीत होती, ती बाहेरच्या माणसाला कुणी सांगत नसे. दात यायच्या आधी गेलेलं मूल आमच्या गावात जाळत नाहीत. कोऱ्या मडक्यात ठेवून धोंडायच्या ओटीत देतात, उगवतीच्या अंगाला. बाप एकटा जातो. आईने जायचं नसतं.

दादाचा पहिला मुलगा असाच गेला. बारसंही झालं नव्हतं त्याचं. मी तेव्हा शाळेत होते. दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या मनगटातले काळे मणी मीच ओवले होते – घरात दोरा सापडेना, म्हणून मासळीच्या जाळ्याचं निळं नायलॉन घेतलं आणि गाठ दाताने आवळली. वहिनी हसून म्हणाली होती, "आता ह्यो म्हातारा झाला तरी ही गाठ सुटाची नाय." त्या दिवशी उगवतीला पाणी साचलं होतं, म्हणून दादाने मडकं मावळतीला पुरलं. दादा, वहिनी आणि मी, आम्हा तिघांनाच ते ठाऊक.

पुढे मी पुण्याला जाऊन पुरातत्त्व शिकले. आणि नशीब बघा – बंदराचा रस्ता रुंद करायचं ठरलं, रास वाटेत येत होती, आणि ती उचलण्याआधी तपासायला जे पथक आलं त्यात मी होते. गावची पोर म्हणून पथकाच्या प्रमुख सरांनी मुद्दाम घेतली. ही नुसती दगडांची रास नव्हे, खाली इतिहासपूर्व काळातलं दफन असणार, असं सर म्हणाले. गावकऱ्यांनी देवाची जागा म्हणून उगवतीची बाजू तेवढी सोडायला लावली. सरांनी सोडली. चर मावळतीला आखला.

खणायच्या आदल्या दिवशी वहिनी पडवीत माझ्याशेजारी येऊन बसली. हातातलं निवडणं तसंच. "बाय, तिथं माजा पोर हाय गो," म्हणाली. "गावला तं मना सांग. दुसऱ्या कुनाला हात लावू देव नको. मी येईन न् माज्या हातानं त्याला उगवतीला ठेवीन. तवा मना जाव दिला नाय कुनी."

मी म्हटलं, "सांगेन गं. शप्पथ."

शप्पथ! किती पटकन येते ना तोंडात?

मडकं मलाच लागलं. वरचे दगड काढले, माती कुंचल्याने झाडत होते, आणि गोल काठ दिसला – तोंड फुटलेलं, आत माती, मातीत पक्ष्याची असावीत इतकी बारीक हाडं. भोवती खड्ड्याची कड स्पष्ट होती. आत भुसभुशीत काळी माती, बाहेर घट्ट तांबडी. म्हणजे कुणीतरी नंतर, अलीकडे वरून खणून मडकं खाली उतरवलेलं. आमच्या कामात अशी कड दिसली की हात थांबवायचा आणि सगळ्यांना दाखवायची, हा पहिला धडा. आणि हाडांच्या मध्ये निळं नायलॉन. काळे मणी. माझी गाठ.

ओळखायला किती वेळ लागला असेल? मुळीच नाही.

तेवढ्यात मागून सर आले. वाकून बघितलं आणि ओरडलेच, "अगं, कुंभ-दफन! लहान मुलाचं! कोकणात!" घाटावरच्या जुन्या वस्त्यांमध्ये मुलांना असं मडक्यात पुरत, आमच्या किनाऱ्यावर कुणाला मिळालं नव्हतं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सगळे धावत आले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या – आणि मी? मण्यांवर माझा हात होताच; मी ते मुठीत घेतले, घाम पुसायच्या निमित्ताने ओढणीच्या टोकात बांधले. मग सगळे फोटोच्या तयारीला लागले तशी खुरपीने कड खरवडून टाकली. दोन्ही माती एक झाली. सांगायचं होतं, उद्या सांगू, सर शांत झाले की सांगू – असलं काही मनात आलं म्हणू का? नाही आलं. मला आनंद झाला होता. हे सांगायला नको वाटतं, पण झाला होता. हाडं माझ्या भाच्याची होती आणि मी त्यांच्याशेजारी बसून फोटो काढून घेतला.

त्याच आठवड्यात खाली खरं दफन लागलं. दगडांचं कडं, काळी-तांबडी खापरं, कुणा अनोळखी माणसाच्या मांडीचं हाड. त्या हाडावर आम्ही छत्री धरून बसलो, ऊन लागू नये म्हणून. तोवर घरचं मूल खोक्यात भरून जीपमध्ये ठेवून झालं होतं.

मडकं लागलं त्याच संध्याकाळी वहिनीने चहा पुढे केला आणि नुसतं बघितलं. मी म्हटलं, "नाही गं, काही नाही लागलं. मावळतीला नुसते दगड." तिने मोठा श्वास सोडला. तिला वाटलं, पोराची झोपमोड झाली नाही.

एवढंच असतं, तर कदाचित मी तुमच्यापर्यंत आलेच नसते. पुढचं ऐका.

काही महिन्यांनी तपासणीचा निकाल आला. हाड अलीकडचं. सर खजील झाले, मग हसले, "चकवलं आपल्याला," म्हणाले आणि विषय बंद केला. नंतर, खणलेल्या वस्तू ठेवतात त्या भांडारातून मला फोन आला. ज्याने केला तो भला माणूस. म्हणाला, "मॅडम, त्या मडक्याची पेटी आहे. जुनं नाही म्हणतात. तुमच्या भागातलं आहे, घेऊन जाता का? की काढून टाकू?"

घेऊन जाता का – असं विचारलं त्याने. एस.टी.त बसून मांडीवर आणता आली असती. वहिनीला सगळं सांगावं लागलं असतं, तिने मला दारात उभं केलं नसतं, पण पोर तिच्या हातात पडलं असतं. घरी आणली असती तर ही कुठून आली, असं कुणीतरी विचारलं असतं. तिथेच राहिली असती तरी कधीतरी कुणी उघडली असती.

मी म्हटलं, "काढून टाका."

त्याने कुठे टाकलं, मी विचारलं नाही.

रस्त्याचं काम सुरू व्हायची वेळ आली. गावाने धोंडाय पलीकडे हलवली – प्रत्येकाने जुन्या जागेवरून एकेक दगड उचलून नेला आणि नवी रास रचली. वहिनीने दगड नेला नाही. ती मावळतीच्या कोपऱ्यावर गेली, पदर पसरला, त्यात पोराची म्हणून ओंजळ ओंजळ माती भरली आणि एवढा रस्ता उन्हातून अनवाणी चालत गेली. नव्या राशीच्या उगवतीला खड्डा करून ती माती तिने ठेवली. हाताने थोपटली. अंगाईसारखं काहीतरी पुटपुटली. मी शेजारीच उभी होते, तिची पाण्याची बाटली धरून.

मागच्या महिन्यात गावी गेले, तर मला तिथे घेऊन गेली. आता गुडघे दुखतात तिचे, माझ्या खांद्याला धरून चालते. रस्त्यावरून ट्रेलर धडधडत जात होते. तिने एक दगड स्वतः ठेवला, एक माझ्या हातात दिला. म्हणाली, "तू व्हतीस म्हून बरा झाला, बाय. परका कोन असता तं माजे पोराला कुठं घेऊन गेला असता, न् मना कललाबी नसता."

मणी माझ्या पर्समध्ये होते. असतात नेहमी. गाठ अजून सुटलेली नाही.

मी दगड ठेवला. घरी आलो. तिने माझ्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या केल्या, आणि मी पोटभर जेवले.