चुकीचा शिकवलेला त्याग

माझ्या डोक्यावरची काळी ओढणी तिने स्वतःच्या हाताने काढली. चौदा मुलांसमोर. काढली आणि आपल्या भाचीच्या डोक्यावर घातली. मग दोन पावलं मागे सरून बघितलं, दुकानात कापड बघावं तसं.

"आता बरां दिसता," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ह्यां तुका शोभणां नाय गो. तू दाराआड रव आणि गा. आवाज तुझो, तोंड आमच्या लोर्नाचां."

रविवार होता. मिस्साची प्रार्थना संपली होती आणि आमच्या चर्चच्या, इगर्जेच्या मागच्या पडवीत माझा धर्मशिक्षणाचा वर्ग चालू होता. मी बावीस वर्षांची. मुलं मला टीचर म्हणत. ती बाईही टीचर, हायस्कुलातून निवृत्त झालेली, वरच्या वाड्यातल्या मोठ्या घरची. इगर्जेची कमिटी म्हणजे तीच. मी हातात खडू धरून उभी राहिले. आणि मी काय म्हणाले? "होय टीचर," म्हणाले. हे लिहितानाही माझे कान तापतात.

२००४ सालचा उपवासकाळ होता तो, पास्काच्या म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. मालवणहून एसटीने अर्ध्या तासावर आमचं गाव. बाबा इगर्जेची घंटा वाजवत आणि कोणी मेलं की खड्डा खणत. त्यांच्या बापानेही तेच केलं. आमच्यात जात नाही, असं आमचे लोक हिंदू शेजाऱ्यांना छाती काढून सांगतात. लग्न जुळवताना मात्र पहिलं विचारतात, वाडा कुठला. आमचा वाडा खालचा. मी बारावी झाले आणि मालवणच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात लागले. धर्मशिक्षण शिकवणारी सिस्टर बदलून गेली, रविवारची सकाळ फुकट घालवायला वरच्या वाड्यातलं कोणी तयार होईना, म्हणून वर्ग माझ्याकडे आला. खोटं कशाला बोलू, आठवड्यातून तेवढाच एक तास मला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं.

त्या वर्षी मी मन लावून शिकवलं. उपवास सुरू होतो त्या राखेच्या बुधवाराआधी मुलांनी घरातल्या तसबिरींमागे खोचलेली गेल्या वर्षीची सुकी झावळं आणली. डालड्याच्या डब्यात जाळून आम्ही कपाळाला लावायची राख केली. चाळीस दिवस देवासाठी काहीतरी सोडायचं, मी सांगितलं. आता शुक्रवारी मटण नाही, मासे चालतात. आमच्या किनाऱ्यावर हे कसलं प्रायश्चित्त? बांगड्याचं तिखलं हाणून लोक उपवास पाळल्याच्या तोऱ्यात फिरतात. म्हणून मी म्हटलं, सोडताना खरंच दुखेल ते सोडा. एकाने लगेच हात वर केला. "टीचर, मी अभ्यास सोडलंय." सगळा वर्ग हसला. मीही हसले.

आणि वेरोनिका. क्रूस वाहून नेणाऱ्या येशूचं रक्ताघामाचं तोंड जिने आपल्या कापडाने पुसलं, ती बाई. गुड फ्रायडेला संध्याकाळी काळ्या कपड्यातली एक मुलगी इगर्जेत स्टुलावर चढते, येशूचा चेहरा रंगवलेलं कापड हळूहळू उलगडते आणि लॅटिनमधलं शोकगीत एकटी गाते. घंटा बंद, पेटी बंद. अख्खा गाव ऐकतो. ती मुलगी कायम वरच्या वाड्यातली. त्या वर्षी नवीन आलेल्या फादरनी मला वर्गात गाताना ऐकलं आणि म्हणाले, वेरोनिका तू कर. तीन आठवडे मी ते गाणं घोकलं. आईने जुनी ओढणी काळी रंगवून आणली. विहिरीवर चार जणींना सांगूनही आली, आमच्या वाड्यातून पहिल्यांदाच.

तीच ही ओढणी, त्या रविवारी मुलांना दाखवायला मी डोक्यावर घेतलेली.

मी फादरांकडे गेले. ते चांगले होते, नरम बोलत. टेबलावरचे कागद सारखे करत म्हणाले, "त्या घराची ही जुनी मानाची गोष्ट आहे, हे मला ठाऊक नव्हतं. वाद नको. हा त्यागाचा काळ आहे. तू मुलांना त्याग शिकवतेस ना? मग हाच तुझा त्याग समज."

मला ते पटलं. हीच तर लाज आहे. नुसतं पटलं नाही, बरं वाटलं. अपमान गिळायला इतकं पवित्र नाव मिळाल्यावर तो पटकन गिळला जातो. पुढच्या रविवारी मी मुलांना तेच शिकवलं. म्हणाले, "बघा, मला समोर गायचं होतं. मी ते सोडलं. आपल्याला कोणी मागे ढकललं तरी गप्प राहायचं. देवाला ते आवडतं." मुलांनी वहीत लिहून घेतलं. लोर्नाने पण लिहिलं. तेरा वर्षांची पोर, मावशीकडेच राहायची, ओळीत पहिली बसायची.

फिलू नावाची माझ्याच वाड्यातली नऊ वर्षांची मुलगी होती. तिने लिहिलं नाही. पेन्सिल चावत बसली आणि मग म्हणाली, "टीचर, तुमी गाणां सोडलात. लोर्नाच्या मावशेन काय सोडल्यान?"

लोर्नाने मान खाली घातली. मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. घरी जाताना वाटभर तोच प्रश्न. त्या बाईने काय सोडलं होतं? काही नाही. फादरनी? काही नाही. वरच्या वाड्यातल्या कोणीच, कधीच. आणि मी खडू घेऊन, फळ्यावर लिहून, चौदा मुलांना हे देवाच्या नावावर शिकवून आले होते. ओढणी तिने काढली, ते तिचं पाप. हे मात्र माझं होतं.

बुधवारी मी फादरांना सांगितलं, "गाईन तर स्टुलावर उभी राहून गाईन. दाराआडून गाणार नाही."

"हा गर्व आहे," ते म्हणाले.

"असू दे."

संध्याकाळपर्यंत वर्ग काढून घेतल्याचा निरोप आला. बाबांनी ताट सरकवलं. "इगर्जेतसून माका काढल्यानी तर जातलंव खंय?" त्यांचं चुकलं नव्हतं. आईने माझ्याकडे न बघता त्यांचं ताट उचलून नेलं, हे जास्त लागलं. वाड्यात कोणी शाबासकी दिली असेल असं वाटत असेल तर सांगते, शेजारणींनी माझ्याशी बोलणं टाकलं. हिच्यामुळे आता आपल्या पोरांना कोण विचारणार, असं त्यांचं म्हणणं. त्या आठवड्यात माझ्याशी बोललं ते फक्त दुकानातलं गिऱ्हाईक. दोन्ही बाजूंनी काढायचंय, एवढंच.

गुड फ्रायडेला मी गेले. मागच्या खांबाशी एकटी उभी राहिले. माझ्या ओढणीतली लोर्ना स्टुलावर चढली, कापड उलगडलं आणि तोंड उघडलं. पहिली ओळ कशीबशी आली. दुसऱ्या ओळीत आवाज फुटला. सगळी इगर्ज वळून माझ्याकडे बघायला लागली. मला पुढची ओळ पाठ होती. घशात आली होती. पोरीचा काय दोष होता? मला तिच्यासाठी रडू आलं. तरी मी तोंड उघडलं नाही. ती तशीच कापड धरून उभी राहिली आणि मग कोणीतरी तिला खाली उतरवलं.

शनिवारी सकाळी पास्काआधीच्या पापनिवेदनाची रांग होती. मी रांगेत उभी राहिले. माझ्या पुढची बाई एक पाऊल आणखी पुढे सरकली. जाळीपलीकडे तेच फादर. मी गुडघे टेकले आणि म्हणाले, "मी चौदा मुलांना खोटं शिकवलं. कोणी मागे ढकललं की गप्प राहणं म्हणजे त्याग, असं. त्याचा मला पश्चात्ताप होतो."

त्यांनी विचारलं, "आणि गर्व?"

"त्याचा होत नाही, फादर."

"मग मी तुला क्षमा कशी देऊ?"

मी उठले. क्षमा न घेताच इगर्जेतून बाहेर पडणारी मी आमच्या वाड्यातली पहिली असेन. बाहेर ऊन रखरखत होतं. क्षमेशिवाय मिस्सेतली पवित्र भाकर घेता येत नाही, म्हणून त्या वर्षी मी पास्काला कम्युनियन घेतलं नाही. बाबांची घंटा वाचली, पण ते माझ्याशी बोलेनासे झाले ते पावसाळा लागेपर्यंत.

पण मुलांच्या वह्यांत ते वाक्य होतं, माझ्या तोंडचं. वर्ग काढून घेतला म्हणून ते पुसलं जाणार नव्हतं. ते खोडायला चौदा घरं फिरायची होती. कुठून सुरू करायचं याचा मी फार विचार केला नाही. खालच्या वाड्यातून सुरू केलं असतं, तर वरपर्यंत मी पोचले नसते, हे मला माझं ठाऊक होतं.

वरच्या वाड्याची पाखाडी चढून मी मोठ्या घराच्या पायऱ्यांवर उभी राहिले. ती बाई दारात आली. मला बघून तिचं तोंड आंबलं.

"माफी मागूक इलंस?"

"होय. पण तुमची नाय. लोर्नाक बोलवा," मी म्हटलं. "तिका सांगा, वही घेवन ये."