मोहिनीचं निम्मं काम

वारूळवाडीत लोक म्हणतात, सयाजीनं शेजारच्या टेबलावरच्या पोरीची नोकरी खाल्ली. म्हणणाऱ्याची जीभ झडो! सयाजी माझे धाकटे दीर. चौदा वर्षं बघतेय मी त्यांना. दुसरी भाकरी घेताना आधी "वहिनी, तुम्हाला राहिली का?" म्हणून विचारणारा माणूस कुणाचं काय खाणार? पण नोकरी गेली ती त्यांच्याच हातून गेली, हेही खरंय. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

भावजी मोबाइलची ॲप बनवतात. नारायणगावात सोपान सरांचं छोटं ऑफिस आहे. शाळांची, नर्सरीवाल्यांची ॲप तिथं होतात. तिथं दोनच टेबलं, एक भावजींचं आणि एक मोहिनीचं. मोहिनी घाटघरची, भातशेती करणाऱ्या घरातली. तिच्या घराण्यात कॉलेजला गेलेली पहिली हीच. आमच्याच आळीत खोली घेऊन राहायची, त्यामुळं आठवड्यातून चार वेळा तरी आमच्याकडं जेवायला असायची. वाटाण्याची आमटी लई आवडायची तिला.

ॲप एकच, मग माणसं दोन कशाला, असं मीही विचारलं होतं. तर म्हणे साध्या, म्हणजे अँड्रॉइड फोनचं ॲप वेगळं लिहावं लागतं आणि आयफोनचं वेगळं. दिसायला सारखंच, पण लिहिण्याची भाषा निराळी. मोहिनी साधा फोन सांभाळायची, भावजी आयफोन. "म्हणजे एकाच पंगतीसाठी दोन चुलींवर एकच आमटी?" मी म्हणलं. "अगदी तसंच, वहिनी." एका बटणाचा रंग बदलायचा तर दोघांनी बदलायचा. एकीकडची चूक काढली तरी दुसरीकडं ती राहायचीच. मग रोज संध्याकाळी दोन फोन शेजारी ठेवून दोघं एकेक पान जुळवत बसायचे. "जाऊ का पुढं?" "थांबा हो, माझं आलं नाही अजून." एकदा डबा द्यायला गेले तेव्हा पाहिलं मी. फोन बघत होते म्हणे! मला काय डोळे नाहीत?

आषाढात मोहिनीच्या आईला, सोनीबाईंना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, रोज व्यायाम दिला तर हात सुधारेल, पण पहिले काही महिनेच महत्त्वाचे. घाटघरात रोज व्यायाम द्यायला कोण येणार? मोहिनीनं ठरवलं, उपचारापुरते पैसे साठवून दिवाळी झाली की आईला खाली आपल्या खोलीवर आणायचं आणि नारायणगावात उपचार करायचे. सगळं त्या नोकरीच्या भरवशावर. आणि नेमकं तेव्हाच ऑफिसात एका मोठ्या शाळेचं काम आलं. तीन शनिवार पोरीला घाटघरची एसटी गाठता आली नाही. चौथ्या शनिवारी आमच्या ओट्यावर बसून ढसाढसा रडली. भावजी आत जेवत होते. अर्ध्या ताटावरून उठले आणि हात धुतला, पण बाहेर जाऊन तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. असे मुखदुर्बळ!

दुसऱ्या दिवसापासून पहाटे चारला उठून लॅपटॉप उघडायला लागले. मी चहा ठेवायचे आणि विचारायचे. एक फ्रेमवर्क असतं म्हणे, त्यात एकदाच लिहायचं आणि तेच दोन्ही फोनवर चालतं. मला दाखवलं पण त्यांनी. लॅपटॉपवर एक शब्द बदलला की समोरच्या फोनवर लगेच बदललेला दिसायचा. चूक एकदा दुरुस्त केली की दोन्हीकडची गेली. नवं काही घातलं तर दोन्ही फोनवाल्यांना एकाच दिवशी पोचणार. कुणी रुसायला नको, की त्यांना मिळालं आणि आम्हाला नाही. महिन्याचं काम पंधरा दिवसांत.

"म्हणजे मोहिनीचं निम्मं काम गेलं, वहिनी! शुक्रवारीच एसटीत बसेल ती." लहान पोरासारखे हसत होते. आयुष्यात इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तिला सांगितलंत का?"

"उद्या सांगतो. तिलाही शिकवतो सोबतच."

आणि इथं माझी अक्कल शेण खायला गेली. मी म्हणलं, "अजिबात नाही! अर्धं काम बोलून दाखवलं की दृष्ट लागते. दसऱ्याला ऑफिसात कॉम्प्युटरची पूजा असते ना? साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त. तेव्हा सगळ्यांसमोर दाखवा. संध्याकाळी सोनं द्यायला तिच्या खोलीवर जा आणि मनातलंही एकदाचं बोलून टाका." भावजींचे कान लाल झाले. पण ऐकलं माझं. माझा शब्द ते कधी मोडत नाहीत.

दोन महिने त्यांनी ते पोटात ठेवलं. शेजारी बसून दिवसभर तिच्याबरोबर जुन्या पद्धतीनं काम करायचे आणि पहाटे घरी नव्या पद्धतीनं.

दसऱ्याला मी पेढे घेऊन ऑफिसात गेले. मोहिनीनं दोन्ही कॉम्प्युटरना हळद-कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. आरती झाल्यावर भावजींनी शाळेचं अख्खं ॲप दोन्ही फोनवर चालवून दाखवलं. पहिली टाळी मोहिनीनं वाजवली. "अगं बाई, दोन्हीकडं एकदम!" सोपान सर बघतच राहिले. "हे एकट्यानं केलंस?" "हो सर." "एकट्यानं!" सर हसले. "मग मला दोन माणसं कशाला लागतायत, राव?" आम्हीही हसलो. मीसुद्धा हसले, तोंडात पेढा होता माझ्या.

पाचव्या दिवशी सरांनी मोहिनीला सांगितलं, महिनाअखेरपर्यंत ये. भावजी नुसते पाया पडायचे राहिले. "सर, तिला ठेवा, मी जातो." सर काही राक्षस नव्हते. म्हणाले, "तिला हे नवं येतं का? येत असेल तर आत्ता ठेवतो." येणार कुठनं? "महिना द्या, शिकवतो." "अरे, शाळेला आठ दिवसांत द्यायचंय." संपलं. शाळेचं काम हातावेगळं करून भावजींनीही राजीनामा दिला, हे मात्र गावात कुणी बोलत नाही. पण त्यानं मोहिनीची नोकरी थोडीच परत येणार होती? खोली रिकामी करून गेली ती. जाताना आमच्या दारावरनंच गेली, पण आत आली नाही.

दिवाळीनंतर भावजींनी मोटारसायकल काढली. मी मागं बसले. आजारी माणसासाठी फळं घेतली होती आणि मनात होतं, हात जोडून पोरीला मागणी घालायची. घाटघरात अंगणात भात झोडायचं चाललं होतं. तिचे वडील भागूबाबा म्हणाले, "या पावणं, बसा. हिचा हात काय सुदरला न्हाई बगा." सोनीबाई खाटेवर होत्या. उजव्या हाताची मूठ घट्ट वळली होती. मोहिनी शेजारी बसून एकेक बोट सोडवत होती, आणि सोडलेलं बोट पुन्हा मिटत होतं.

भावजींनी लॅपटॉप पुढं केला. "मोहिनी, पंधरा दिवसांत शिकशील तू. मग कुठलंही ऑफिस घेईल."

"शिकेन की," ती म्हणाली. "पण इथं रेंज नाही. आणि आईला सोडून आता जाऊ कुठं?" थोडा वेळ बोटंच चोळत राहिली. "शेजारीच बसले होते ना मी, सयाजी? दोन महिने! त्याच वेळी दाखवलं असतंत तर मीही शिकले असते. माझं काम हलकं करायचं होतं, तर मला नको होतं का विचारायला?"

"चुकलं माझं."

"तुम्ही चांगलेच आहात हो. म्हणून तर धड रागावताही येत नाही." आणि मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "वहिनी, तुम्हाला माहीत होतं हे?"

माझ्या हातची आमटी जेवलेली पोर ती. सगळं आलं होतं ओठांवर, की बाई, यांना सांगायचंच होतं, मीच तोंड धरलं त्यांचं. पण सोनीबाई त्या वळलेल्या मुठीसकट माझ्याकडं बघत होत्या.

"नाही गं," मी म्हणाले.

भावजींनी मान वर केली नाही. "वहिनींना काय माहीत असणार," ते म्हणाले. "मी घरात कुणालाच बोललो नव्हतो."